लहानपणी आहार-अभ्यासात असलेल्यांचा मोठेपणी पाठपुरावा: यादीपासून हिशोबापर्यंत

वीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या आहार-अभ्यासात ज्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या, ज्यांना रोज पूरक आहार मिळाला, ती मुलं आज कर्ती माणसं झाली आहेत. त्यांना पुन्हा गाठून त्या आहाराचं पुढे काय झालं हे बघण्याचं काम हाती घेणारे गट बहुतेक एकाच ठिकाणी घसरतात. जुनी यादी छापायची आणि थेट माणसं शोधायला निघायचं! पहिल्या महिन्यात निम्मी माणसं भेटतात, हुरूप येतो. मग वेग मंदावतो, पैसे संपत येतात आणि उरलेल्या सगळ्यांच्या नावापुढे 'सापडले नाहीत' असा एकच शेरा पडतो.

अभ्यास हातचा जातो तो इथेच. सहज सापडतात ती घर न सोडलेली माणसं. शिकून बाहेर पडलेली, कामासाठी लांब गेलेली, लग्नानंतर नाव बदललेली, तुरुंगात किंवा दवाखान्यात असलेली आणि वारलेली माणसं पहिल्या फेरीत भेटत नाहीत. आणि आहाराचा परिणाम झाला असेल किंवा नसेल, तर तो नेमका याच माणसांच्या आयुष्यात दिसायचा. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली खुरटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू झाला. काहींना पूरक दूध, काहींना खेळ आणि संवादातून बौद्धिक चालना, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही, अशी विभागणी होती. बावीस वर्षांच्या वयात त्यांतले १०५ जण सापडले, कारण शोधणारे देश सोडून गेलेल्यांच्या मागेही गेले. चालना मिळालेल्यांमध्ये परदेशी गेलेल्यांचं प्रमाण जास्त होतं आणि परदेशात कमाईही जास्त. फक्त बेटावर राहिलेल्यांना मोजलं असतं तर परिणाम खरा होता त्याहून लहान दिसला असता.

म्हणून खालच्या सगळ्या टप्प्यांमागे एकच आग्रह आहे: मूळ यादीतल्या प्रत्येक नावाचा हिशोब लागला पाहिजे.

## टप्पा १: मूळ यादी बांधा आणि कुलूपबंद करा

बाहेर पडण्याआधी निदान तीन-चार महिने कागदांत घालवा. जुनी घरगणती, जन्मनोंदी, मापांच्या वह्या, आहारवाटपाची हजेरी, दवाखान्याची कार्डं, जे हाती लागेल ते आधी स्कॅन करा आणि मगच टाइप करायला घ्या. जुना कागद हाताळताना फाटतो आणि पेन्सिलीची नोंद पुसली जाते.

सर्वांत मोठा सापळा म्हणजे जुनी संगणकीय फाइल. ती बहुधा एखाद्या जुन्या शोधनिबंधासाठी तयार केलेली असते. ज्यांची मापं अपुरी होती, जी मधेच गेली, ज्यांचं कुटुंब स्थलांतरित झालं, ती मुलं तिच्यातून आधीच गाळलेली असतात. अशी फाइल मूळ यादी म्हणून घेतली की गळती पहिल्या दिवसापासूनच लपते. यादी नावनोंदणीच्या वहीवरूनच बांधायची, मग ती कितीही किचकट असो.

एका मुलाला एक ओळ. त्या ओळीत जुना क्रमांक, नाव जसं लिहिलं होतं तसं, प्रमाण केलेलं नाव वेगळ्या रकान्यात, आई-वडिलांची नावं, भावंडांचे क्रमांक, जन्मतारीख आणि ती कुठल्या कागदावरून घेतली ते, गट, गाव किंवा वस्ती, पहिल्या आणि शेवटच्या मापाची तारीख. वारलेल्या मुलांच्या ओळीही ठेवायच्या. यादी पूर्ण झाली की तिची एक प्रत गोठवायची आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या रकान्यात, तारखेसह करायचे.

एक गोष्ट जवळून सांगते. एका जुन्या वहीत एकाच घरात, एकाच आईच्या नावाखाली, एकाच नावाच्या दोन मुली होत्या. दोन नोंदींत अठरा महिन्यांचं अंतर. टाइप करणाऱ्या मुलाने ती दुहेरी नोंद समजून पहिली ओळ काढून टाकली. स्कॅन केलेलं पान मोठं करून पाहिलं तेव्हा पहिल्या नोंदीच्या टोकाला पेन्सिलीने काढलेली बारीक फुली दिसली. पहिली मुलगी दहाव्या महिन्यात गेली होती आणि नंतर जन्मलेल्या बहिणीला तेच नाव ठेवलं होतं. ती फुली नजरेतून सुटली असती तर जिवंत बाईच्या नावावर मेलेल्या बाळाची वजनं चढली असती आणि एक मृत्यू हिशोबातून नाहीसा झाला असता. तेव्हापासून 'दुहेरी' वाटणारी कुठलीही ओळ दोघांनी स्वतंत्रपणे मूळ पान पाहिल्याशिवाय काढायची नाही, हा नियम मी मोडू दिलेला नाही.

तपासा: वेगवेगळ्या वह्यांमधून आलेली एकूण संख्या जुळते का? जुन्या अहवालात दिलेला नावनोंदणीचा आकडा आणि तुमची यादी यांत फरक असेल तर त्या फरकाचं कारण नावानिशी लिहून ठेवा.

## टप्पा २: कुणाला, कधी, किती वयात आहार मिळाला ते ठरवा

हे काम माणसं भेटण्याआधी व्हायला हवं. नंतर केलं की निकाल पाहून वयाची खिडकी, म्हणजे कोणत्या वयातला आहार धरायचा ती मर्यादा, सरकवण्याचा मोह होतो.

पूर्व ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ या काळात चाललेला अभ्यास इथे चांगला शिकवतो. दोन गावांत 'आतोले' हे प्रथिनं आणि ऊर्जा असलेलं पेय मिळे, दोन गावांत 'फ्रेस्को' हे प्रथिनं नसलेलं आणि कमी ऊर्जेचं. सात वर्षांखालच्या २,३९२ मुलांपैकी १,४२४ जणांची कमाईची माहिती २००२ ते २००४ मध्ये मिळाली. तेव्हा ते २५ ते ४२ वर्षांचे होते. वयाच्या तीन वर्षांआधी आतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी जास्त निघाली. पहिल्या दोन वर्षांत ते मिळालेल्यांत ही वाढ सरासरी ४६ टक्के होती. तीन वर्षांनंतर ते मिळालेल्यांत असा फायदा दिसला नाही. सगळ्या मुलांची एकत्र सरासरी काढली असती तर ही गोष्ट पुसट होऊन गेली असती.

वयाची खिडकी इतकी अरुंद असते तेव्हा जन्मतारखेतली सहा महिन्यांची चूकही मुलाला एका गटातून दुसऱ्या गटात ढकलते. त्यामुळे जन्मतारखेच्या पुराव्यांची उतरंड आधीच लिहून ठेवा. अभ्यास चालू असताना, बाळ लहान असताना झालेली नोंद सर्वांत वर. त्याखाली त्या काळची सरकारी किंवा धार्मिक जन्मनोंद. आजच्या ओळखपत्रावरची तारीख सर्वांत खाली, कारण ती शाळेत घालताना किंवा नोकरीसाठी सोयीने लिहिलेली असू शकते. दोन तारखा जुळल्या नाहीत तर जुन्या नोंदीतली वापरायची आणि नव्या नोंदीतलीही जपून ठेवायची.

'किती आहार मिळाला' हे सांगायचे दोन मार्ग असतात आणि दोन्ही वेगळे ठेवायचे. एक म्हणजे मूल कुठल्या गटात होतं आणि योजना चालू असताना त्याचं वय काय होतं. दुसरा म्हणजे त्याने प्रत्यक्ष किती खाल्लं-प्यायलं. मुख्य तुलना पहिल्यावर करा. केंद्रावर रोज येणारं मूल हे बहुधा जागरूक आईचं किंवा केंद्राजवळच्या घरातलं असतं, त्यामुळे जास्त प्यायलेल्यांची पुढची भरभराट आहाराच्या खात्यावर टाकता येत नाही. १९४४-४५ च्या नेदरलँड्समधल्या उपासमारीवरचे अभ्यास याच तत्त्वावर उभे राहिले. कुणाला आईच्या पोटात असताना भूक सोसावी लागली हे जन्माची तारीख, जागा आणि त्या वेळच्या शिधावाटपाच्या नोंदींवरून ठरलं, कुणाच्या आठवणीवर ते सोडलं नाही.

सावधान: गट कोणता हे दाखवणारा रकाना मापं घेणाऱ्यांच्या आणि मुलाखतकारांच्या यादीत जाऊ देऊ नका. गावावरूनच गट कळत असेल तर निदान एवढं करा की प्रत्येक पथक सगळ्या गावांत आळीपाळीने काम करेल. एक पथक एका गटाला आणि दुसरं दुसऱ्या गटाला बांधलं, तर पुढे दिसणारा फरक आहाराचा की पथकाच्या हाताचा हे कधीच सांगता येणार नाही.

## टप्पा ३: संमती नव्याने घ्या

आई-वडिलांनी तेव्हा दिलेली संमती आजच्या प्रौढ माणसाला बांधत नाही. ही साधी गोष्ट आहे, तरी 'ते आमच्या अभ्यासातलेच आहेत' या भावनेतून ती विसरली जाते. त्या माणसाला कदाचित माहीतही नसतं की आपण कशात होतो.

नीतिसमितीकडे जाताना संमतीचे तुकडे करून न्या: मुलाखत, शरीराची मापं, रक्त, रक्ताचा नमुना पुढच्या अभ्यासांसाठी साठवणं, जनुकीय तपासण्या, बालपणीच्या नोंदींशी जोडणी, पुन्हा संपर्क. प्रत्येकाला वेगळं 'हो' किंवा 'नाही'. एकाच सहीत सगळं कोंबलं की रक्त द्यायला घाबरणारा माणूस मुलाखतही नाकारतो आणि तुम्ही त्याला अख्खा गमावता.

समितीला आणखी एक गोष्ट विचारून ठेवा, जी हमखास राहून जाते: शोध घेताना शेजारी, नातेवाईक, जुने शिक्षक यांना काय सांगायचं? माझ्या मते फक्त कामाचं नाव आणि संपर्क हवा असल्याचं. तो माणूस लहानपणी अशक्त होता, दत्तक होता, त्याचं भावंड भुकेने गेलं, यातलं काहीही तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. जुन्या वह्यांत अशा नोंदी असतात. शोध घेणाऱ्याच्या हातात त्या वह्या देऊच नका. त्याला लागते तेवढीच माहिती असलेली चिठ्ठी द्या.

## टप्पा ४: शोध, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद

कामाचा सगळ्यात मोठा भाग हाच. वेळ आणि पैसा दोन्हींचा अर्धा हिस्सा इथे जाईल असं धरून चला. अंदाजपत्रकात शोधाला वेगळं शीर्षक नसेल तर ते आताच घाला.

क्रम असा ठेवा:

१. आधी घरून: नव्या-जुन्या मतदारयाद्या, शाळेचे दाखले, मृत्यूनोंदी, मधल्या फेऱ्यांचे पत्ते. जे कायदेशीरपणे पाहता येतं तेवढंच.

२. मग मूळ वस्तीत जाणत्या माणसांसोबत बैठक. जुन्या अभ्यासात काम केलेली बाई, सुईण, निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळ्यांची नाती तोंडपाठ असतात. एका बैठकीत पंचवीस-तीस नावांपेक्षा जास्त घेऊ नका, कारण थकलेला माणूस 'ते गेले बहुतेक' म्हणून मोकळा होतो.

३. मग कुटुंबाची साखळी. आई, बहीण, आत्या, मामा. मूळ यादीतली भावंडं इथे कामाला येतात: एक सापडला की घरातली बाकीची सगळी नावं त्याच वेळी विचारा.

४. शेवटी प्रवास, दुसरं शहर, दुसरा देश. जिथे बरेच जण एकाच ठिकाणी गेलेत तिथे काही आठवड्यांचा तळ टाकणं एकेकासाठी फेऱ्या मारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

स्त्रियांचा शोध वेगळा आखा. जिथे लग्नानंतर नाव आणि घर बदलतं तिथे जुन्या नावाने केलेला शोध फुकट जातो. माहेरी विचारताना 'हल्ली काय नावाने ओळखतात' हा प्रश्न ठरलेला असू द्या. माहेरचे संबंध तुटलेल्या, घटस्फोट झालेल्या बायका सर्वांत आधी हरवतात. त्यांच्यासाठी मैत्रिणी आणि वर्गसोबती यांची वाट धरावी लागते.

प्रत्येक नावापुढे स्थिती लिहायची ती ठरलेल्या यादीतूनच: भेट झाली, पत्ता पक्का पण भेट बाकी, पत्ता कळला पण खात्री नाही, देशाबाहेर, वारले (तारीख, कारण, कुणी सांगितलं), नकार, भेटण्याच्या स्थितीत नाही, काहीच माग नाही. यातलं कोणतंही दुसऱ्यात मिसळू देऊ नका. 'नकार' आणि 'माग नाही' यांचा अर्थ विश्लेषणात अगदी वेगळा होतो. 'वारले' हा तर स्वतःच एक निष्कर्ष आहे. तो एकाच शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लिहू नका. घरच्या माणसाकडून किंवा नोंदीवरून खात्री झाली की मगच लिहा.

तपासा: दर पंधरवड्याला गटवार स्थितीचा तक्ता पाहा. हा तक्ता क्षेत्रकामाबाहेरच्या एकाच माणसाने बनवायचा. एका गटात सापडण्याचं प्रमाण दुसऱ्यापेक्षा मागे पडत असेल तर तिकडे माणसं वाढवा, पण कारण पथकांना सांगू नका.

पैसे संपत आले तर काय? 'जमतील तेवढे अजून शोधू' हा मार्ग चुकीचा आहे, कारण त्यात पुन्हा सोपेच सापडतात. उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून, समजा चारात एक, अशी नावं निवडा आणि फक्त त्यांच्यासाठी जीव तोडून शोध घ्या. त्यातला सापडलेला प्रत्येक जण हिशोबात चार जणांचं वजन घेईल. निवडलेला माणूस अवघड निघाला म्हणून त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. या एका शिस्तीवर ही अख्खी पद्धत उभी आहे.

## टप्पा ५: ओळख पटवा

माणूस भेटला म्हणजे तोच तो आहे असं नाही. एकाच वस्तीत एका नावाची तिघं असतात आणि भेटवस्तू किंवा तपासणी मोफत आहे म्हटल्यावर हौसेने 'हो, मीच' म्हणणारेही असतात.

निदान चार खुणा जुळवा: आईचं नाव, जन्माचं साल किंवा एखाद्या मोठ्या घटनेच्या मागे-पुढे झालेला जन्म, भावंडांचा क्रम, त्या वेळचं घर. विचारताना उत्तर पुरवू नका. 'तुमच्या आईचं नाव अमुक ना?' या प्रश्नाला कुणीही मान डोलावतो. 'तुम्ही भावंडं किती, सगळ्यात मोठं कोण?' असं विचारा आणि उत्तर आधीपासून छापलेल्या चिठ्ठीशी मनात ताडून पाहा. लहान वयात गेलेल्या भावंडाबद्दल विचारायची वेळ आली तर ते मुलाखतीच्या शेवटी, सावकाश आणि माणूस बोलायला तयार असेल तरच.

चारांपैकी तीन जुळले तर भेट घ्या, पण ती नोंद 'खात्री बाकी' म्हणून ठेवा आणि शक्य असेल तर आई किंवा थोरल्या भावंडाकडून पक्की करा. दोन किंवा कमी जुळले तर आभार मानून परत या.

## टप्पा ६: पहिला संपर्क

पहिल्या दोन मिनिटांत माणूस ठरवतो की तुमच्यासाठी दार उघडं ठेवायचं की नाही. फोनवर आधी स्वतःचं नाव, कुठून बोलतोय आणि नंबर कुणाकडून मिळाला ते सांगा. मग विचारा, 'आत्ता बोलायला वेळ आहे का, की मी संध्याकाळी फोन करू?' लांबलचक अभ्यासाची कथा लावू नका.

'तुम्ही लहानपणी कुपोषित होता' हे वाक्य कधीही उच्चारू नका. 'तुमच्या लहानपणी तिथे मुलांच्या वाढीची पाहणी झाली होती, त्यात तुमचीही मापं घेतली होती. आता मोठेपणी तब्येत कशी आहे हे बघतोय', इतकं खरं आणि पुरेसं आहे. 'तुम्हाला ते पेय मिळायचं ना?' हेही नको. त्याने माणसाला आपण कुठल्या गटात होतो ते आठवतं आणि पुढची उत्तरं त्या रंगात रंगतात.

नकार आला तर वाद घालू नका. पुन्हा विचारायला हरकत नाही ना, एवढंच विचारा. 'हरकत नाही' म्हटलं तर काही आठवड्यांनी दुसऱ्या, जरा वयस्क कार्यकर्त्याने फोन करावा. 'नको' म्हटलं तर तो विषय संपला. बऱ्याचदा नकार कामाच्या वेळेला असतो, अभ्यासाला नसतो. बुडालेल्या मजुरीची भरपाई, रविवारची सोय, लहान मूल सांभाळायला कुणीतरी, यांनी जितके नकार वळतात तितके समजावण्याने वळत नाहीत.

## टप्पा ७: मोजमापाचा दिवस

प्रौढांची मापं मुलांपेक्षा सोपी वाटतात आणि म्हणूनच ढिलाईने घेतली जातात. सुरुवात होण्याआधी सगळ्या मापकांनी त्याच दहा-बारा माणसांची दोन-दोनदा मापं घ्यावीत, पहिला आकडा समोर नसताना. एकाच मापकाच्या दोन आकड्यांत आणि मापका-मापकांत किती फरक पडतो ते काढा. ज्याचा फरक मोठा त्याला पुन्हा शिकवा. काम चालू असताना हे दर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

दिवसाचा क्रम मोडू नका:

१. आठ ते दहा तास उपाशीपोटी आल्याची खात्री. चहा घेतला का, हे वेगळं विचारा, कारण पुष्कळांच्या मनात चहा म्हणजे खाणं नाही.

२. पाच मिनिटं शांत बसवून रक्तदाब. हाताच्या घेरानुसार कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा), पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मधे बोलणं नाही. मिनिटाच्या अंतराने तीन वाचनं घ्यायची आणि पहिलं सोडून उरलेल्या दोहोंची सरासरी धरायची.

३. रक्त. साखर-सहनशीलतेची चाचणी असेल तर उपाशी नमुन्यानंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांना हे ग्लुकोज द्यायचं नाही.

४. ते दोन तास वाट पाहताना उंची, वजन, घेर, त्वचेच्या घड्या. चालणं, जिने चढणं आणि ताकदीच्या चाचण्या मात्र दुसऱ्या नमुन्यानंतर.

५. खायला द्या आणि मगच लांब मुलाखत. भुकेल्या माणसाची उत्तरं छोटी होत जातात.

उंचीबद्दल जरा थांबून सांगते, कारण बालपणीच्या आहाराची सगळ्यात स्पष्ट खूण तीच. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ दांडीला टेकलेली, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. अंबाडा, क्लिप, पगडी काढायला सांगायला संकोचू नका, पण त्यासाठी आडोसा आणि बायकांसाठी बाईच मापक ठेवा. दिवसभरात माणसाची उंची साधारण सेंटिमीटरभर कमी होते. एका वस्तीची मापं सकाळी आणि दुसरीची संध्याकाळी घेतली तर तेवढाच फरक तुम्ही स्वतः तयार केलेला असतो, आणि पूरक आहाराचे खरे फरकही पुष्कळदा याच मापाचे असतात.

सावधान: गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची उंची आणि मुलाखत घ्या. वजन, कंबरेचा घेर आणि क्ष-किरणांवर चालणारी कुठलीही तपासणी पुढे ढकला आणि पुन्हा भेटायची तारीख तिथेच ठरवा. 'नंतर बघू' म्हटलं की त्या कायमच्या राहतात. रक्तक्षय जास्त असलेल्या ठिकाणी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीवर एकट्यावर विसंबू नका. रक्तक्षयाने तिचा आकडा हलतो.

## टप्पा ८: मुलाखत

शिक्षण, कमाई, मुलंबाळं, आजार, आहार. यातली कमाई सोडून बाकीचं कुठल्याही चांगल्या प्रश्नावलीतून उचलता येतं. कमाईवर मात्र घाम गाळावा लागतो. 'महिन्याला किती मिळतं?' याचं उत्तर नोकरदाराकडे असतं. शेती, दुकान, हंगामी मजुरी करणाऱ्याकडे नसतं. कामं वेगवेगळी विचारा, प्रत्येकाचे महिने, दिवस आणि तास विचारा, धान्य किंवा जेवणाच्या रूपात मिळणारा मोबदलाही लिहा. तासांची नोंद नसेल तर जास्त कमावणारा आणि जास्त राबणारा यांत फरक कळत नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी खपणाऱ्या स्त्रीला 'काम करत नाही' असा शेरा मारू नका.

बालपणातल्या खाण्याबद्दल आज विचारलेल्या आठवणी मुख्य विश्लेषणात वापरायच्या नाहीत. ते प्रश्न विचारायचेच असतील तर सगळ्यांत शेवटी.

## टप्पा ९: निकाल परत द्या

हे आधी ठरवायचं असतं, निकाल हातात पडल्यावर ठरवत बसायचं नसतं. रक्तदाब १८०/१२० च्या वर गेला तर त्याच दिवशी, सोबत माणूस देऊन डॉक्टरकडे. उपाशीपोटी साखर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, हिमोग्लोबिन डेसिलिटरला ८ ग्रॅमच्या खाली, अशा प्रत्येक आकड्यापुढे किती दिवसांत कळवायचं, कोण कळवणार आणि कुठे पाठवायचं हे लिहिलेलं असू द्या. बाकी सगळ्यांना एका पानावर, त्यांच्या भाषेत, त्यांचे आकडे आणि अर्थ. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा.

तीस वर्षांपूर्वी ज्या आईने बाळ तुमच्या काट्यावर ठेवलं होतं तिला बहुधा कुणीच काही परत सांगितलेलं नाही. या वेळी सांगायचं हे आपलं देणं आहे, आणि पुढच्या फेरीला दार उघडेल ते यामुळेच.

## टप्पा १०: गळतीचा हिशोब

विश्लेषणाला बसताना पहिला तक्ता निकालाचा नसतो. तो मूळ यादीचा असतो: इतके नोंदले, इतके वारले, इतके बाहेर गेले, इतके नाकारले, इतके भेटले, गटवार आणि लिंगवार. दुसरा तक्ता भेटलेल्या आणि न भेटलेल्यांच्या बालपणीच्या मापांची तुलना: जन्मवजन, दोन वर्षांची उंची, आईचं शिक्षण, घराची ऐपत. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक मुलांपैकी २६ ते ३२ वर्षांच्या वयात १,४९२ जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एवढ्या गळतीनंतरही असा अभ्यास उपयोगी पडतो, पण गेलेले कोण होते हे दाखवता आलं तरच.

फरक दिसला तर सापडण्याची शक्यता बालपणीच्या माहितीवरून काढून, कमी शक्यता असूनही सापडलेल्यांना जास्त वजन द्या. त्यासोबत टोकाची परीक्षाही घ्या: न भेटलेले सगळे एका बाजूला झुकले असते तर निष्कर्ष टिकला असता का? आणि आहार गावागावाने वाटला असेल तर गाव हे एकक विसरू नका. चार गावांतली हजार माणसं म्हणजे हजार स्वतंत्र पुरावे नव्हेत.

माणसं मूळ गटातच मोजायची. फ्रेस्कोच्या गावातलं मूल मावशीकडे राहून आतोले प्यायलं असेल, तरी मुख्य तुलनेत ते स्वतःच्या गावाचंच.

शेवटचं काम पथक पांगण्याआधी करायचं. प्रत्येक सहभागीकडून, त्याच्या संमतीने, वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या तीन माणसांचे संपर्क घ्या. त्यांतलं निदान एक असं असावं जे जागा सोडून जाण्याची शक्यता कमी. स्थितीचा पूर्ण तक्ता, कुठला प्रयत्न कुणी कधी केला त्याची वही आणि 'काहीच माग नाही' असलेल्यांची नावं, शोध नेमका कुठवर पोहोचला होता त्या टिपणासह, एका जागी कुलपात ठेवा. किल्ली कुणाकडे आहे तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.